आईला लायसन्स कोण देणार?

एक छोटंसं काम करा. हे वाचता वाचताच पाकीट किंवा पर्स काढा आणि त्यातलं ड्रायव्हिंग लायसन्स बाहेर घ्या. फोटो बघू नका, तो सगळ्यांचाच तसा असतो! तारीख बघा. लायसन्स कधी संपतंय? काय म्हणता, लक्षातच नव्हतं? कोणाच्याच नसतं. गाडीचा इन्शुरन्स संपायच्या महिनाभर आधीपासून मेसेजचा पाऊस पडतो. मोबाईलचं रिचार्ज संपलं तर दोन मिनिटांत कळतं. लायसन्स मात्र बिचारं गुपचूप संपतं. ना मेसेज, ना फोन, ना कोणी दार वाजवतं.

आता दुसरं काम. आज घरी फोन कराल तेव्हा आई-बाबांच्या लायसन्सवरची तारीख विचारा. पहिलं काम दोन मिनिटांचं आहे. दुसऱ्या कामाला आमच्या घरात चार महिने लागले. म्हणून तर हे सगळं लिहितेय.

पर्स गेली, तारीख सापडली

२०२४ ची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. तुळशीबागेतल्या गर्दीत आईची छोटी पर्स गेली. आत साडेचारशे रुपये, कपाटाची किल्ली आणि लायसन्स. आई एकदम कूल. पैसे गेले तर गेले, कपाटाची दुसरी किल्ली आहे, आणि लायसन्सचं काय, "ते तेवढं तू कर गं तुझ्या कम्प्युटरवर." माझी आई ३६ वर्षं बँकेत होती. कागद हरवला तर त्याची दुसरी प्रत निघते, यावर तिचा गाढ विश्वास आहे.

हिंजवडीत नोकरी करत असल्यामुळे 'कम्प्युटरवर' होणारी घरातली सगळी कामं माझ्याच गळ्यात पडतात. पोलिसांच्या पोर्टलवर हरवल्याची नोंद केली. मग लायसन्सचा नंबर हवा होता. बाबांच्या फायलीत त्याची झेरॉक्स सापडली. वर बाबांच्या अक्षरात 'सौ. - गाडी' असं लिहिलेलं. मी केंद्र सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर नंबर टाकला, जन्मतारीख टाकली. आणि स्क्रीनवर जी तारीख आली ती मी तीनदा वाचली. लायसन्स मार्च २०२४ मध्येच संपलं होतं. बरोब्बर आईच्या साठाव्या वाढदिवसाला!

योगायोग वगैरे काही नाही हं. जुना नियम असा होता, की खाजगी गाडीचं लायसन्स जास्तीत जास्त २० वर्षं किंवा पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालायचं. पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. आईला २०१४ मध्ये ५० पूर्ण झाली, २०१९ मध्ये ५५, २०२४ मध्ये ६०. त्याच मार्च महिन्याच्या ३१ तारखेला ती बँकेतून रिटायर झाली. बँकेने हार घालून, शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. लायसन्सने न सांगताच दिला.

आणि त्यानंतरचे आठ महिने आई रोज गाडी चालवत होती. बाबांना २०२२ मध्ये पॅरालिसिसचा झटका आला. तेव्हापासून उजवा हात आणि पाय नीट साथ देत नाहीत. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, महिन्यातून एकदा न्यूरॉलॉजिस्ट. सगळं आईच्या वॅगन-आरमधून. लायसन्स नसताना गाडी चालवली तर कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये दंड आहे, आधी तो ५०० होता. पण दंडाचं सोडा. चुकून कुठे ठोकली असती, तर विमा कंपनीने पहिल्यांदा लायसन्सच मागितलं असतं.

एक गोष्ट बरी होती. लायसन्स संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर ते रिन्यू होतं. वर्ष उलटलं, की पुन्हा टेस्ट देऊन पास व्हावं लागतं. म्हणजे आमच्या हातात चार महिने होते. मला वाटलं, चार दिवस पुरे.

दादाचा व्हिडिओ कॉल

रविवारी दादाचा कॉल आला. तो इंग्लंडमध्ये, रेडिंगला असतो. मी त्याला पर्सची गंमत सांगत होते आणि तो गंभीर होत चालला होता.

"आई, आता जाऊ दे ना. संपलंय तर संपलंय. ड्रायव्हर ठेवू आपण. पैसे मी पाठवतो."

"मला काय झालंय?" आई म्हणाली.

"झालं काहीच नाही. होऊ नये म्हणून म्हणतोय."

आई "कुकर लावायचाय" म्हणून आत गेली. कुकर सकाळीच झाला होता.

दादा काही दुष्ट नाही. सात हजार किलोमीटरवर बसलेल्या मुलाला रात्री दोन वाजता येणाऱ्या फोनची भीती वाटणारच. आणि ड्रायव्हरची आयडिया ऐकायला झकासच होती. पण मी कागदावर मांडून पाहिली. फिजिओ सकाळी साडेसातला. महिन्याने ठेवलेला ड्रायव्हर नऊच्या आधी येत नाही. उरलेला दिवस तो करणार काय? खाली गाडी पुसत बसणार, आणि आई वर त्याला काम शोधत बसणार. मग कॅब? तुम्हीही रोज कॅब बोलावता, तुम्हाला काय सांगायचं! "कॅश की ऑनलाईन? ड्रॉप कुठे?" आणि कॅन्सल. बाबांना गाडीत बसायला चार मिनिटं लागतात. वॉकर घडी करून डिकीत ठेवायचा असतो. तोपर्यंत ड्रायव्हरची चुळबुळ सुरू होते आणि बाबा सॉरी म्हणायला लागतात. उभ्या आयुष्यात कोणाला सॉरी न म्हटलेला माणूस!

आणखी एक गोष्ट होती, ती कागदावर मांडता येत नव्हती. बाबांची फिजिओ पाऊण तास चालते. त्या पाऊण तासात आई समोरच्या हॉटेलात जाऊन एकटी चहा पिते, पेपर वाचते, शब्दकोडं सोडवते. दोन वर्षं दिवसरात्र आजारपण सांभाळणाऱ्या बाईचा आठवड्यातला तो सव्वादोन तासांचा मालकीचा वेळ. ड्रायव्हर आला असता तर "मॅडम, तुम्ही कशाला येताय, मी सोडतो साहेबांना" इथून सुरुवात झाली असती. आणि हळूहळू आई घरात राहिली असती.

आईने १९८५ मध्ये, एकविसाव्या वर्षी लायसन्स काढलं. तेव्हा कायनेटिक होंडा नवी नवी आली होती. आजोबांचं म्हणणं, मुलीच्या जातीला गाडी कशाला? आई टेस्टला गेली ती त्यांना सांगून गेली. विचारून नाही. ही गोष्ट ती आजही अशीच सांगते, आणि 'सांगून' या शब्दावर जोर देते. नंतर लग्न झालं, १९९८ मध्ये मारुती ८०० आली, आम्ही दोघं शाळेत गेलो, क्लासला गेलो, परदेशात गेलो. आईचं सांगून जाणं चालूच राहिलं. आता साठाव्या वर्षी तिला पहिल्यांदा विचारून जायची वेळ येणार होती. तेही आजोबांना नाही, आम्हाला.

'काकू, यायची पण गरज नाही!'

लायसन्स हरवलंय आणि संपलंयही, अशा डबल धमाक्याचं करायचं काय, हे विचारायला आम्ही दोघी आरटीओत गेलो. गेटपर्यंत पोचायच्या आत एक एजंट भेटला. हातात फायलींचा गठ्ठा, कानाला फोन. आमची केस त्याने अर्ध्या मिनिटात समजून घेतली. मानलं पाहिजे.

"काकू, टेन्शनच घेऊ नका. रिन्यूअल, डुप्लिकेट, सगळं करून देतो. डॉक्टरचं सर्टिफिकेटपण आपल्याकडेच. तुम्हाला यायची पण गरज नाही."

"डॉक्टर मला बघणार कधी मग?" आईने विचारलं.

तो हसला. "कशाला बघायचंय काकू? चांगल्या ठणठणीत आहात की!"

चाळिशीनंतर लायसन्स रिन्यू करायचं तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. फॉर्म १-ए. आपण असले फॉर्म वाचत नाही, सही करून मोकळे होतो. आईने तो तिथेच, झाडाखाली उभं राहून, चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला. बँकेची सवय. त्यात डॉक्टरांना साधे-सरळ प्रश्न विचारलेत. पंचवीस मीटरवरची नंबर प्लेट चांगल्या उजेडात वाचता येते का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? ऐकू नीट येतं का? वय किती झालं म्हणून गाडी सोडा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

"हे बरंय," आई म्हणाली. "नुसता कागद नकोय मला. दिसतंय का ते बघायचंय."

खरं सांगू? ती एवढी खात्रीने का बोलली नाही, दबकत का बोलली, ते मला दोन दिवसांनी कळलं.

पंचवीस मीटर

आमचे फॅमिली डॉक्टर बाबांच्या वयाचे आहेत. त्यांनी बीपी, शुगर, कान सगळं तपासलं. मग म्हणाले, "वहिनी, चला खाली." पार्किंगमध्ये त्यांनी पावलं मोजली. पंचवीस मीटर म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा पाचेक मीटर जास्त. तिथून समोरच्या गाडीची नंबर प्लेट वाचायची. आईने वाचली. आठाचा तीन केला. दुसरी गाडी वाचली. पुन्हा एक आकडा चुकला.

डॉक्टरांनी विचारलं, "रात्री समोरच्या गाडीचे लाईट कसे दिसतात?"

आई जरा थांबली. "फुटल्यासारखे. अनारासारखे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सहा-सात महिने झाले."

डॉक्टरांनी सही केली नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू दिसत होता. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि जाता जाता म्हणाले, "वहिनी, मी 'नाही' म्हणत नाहीये. 'आत्ता नाही' म्हणतोय. दोन्हीत फरक आहे."

त्या रात्री दादाचा पुन्हा कॉल. "बघ, मी म्हणत होतो ना!" आणि त्याची बाजू अगदीच कच्ची नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी सँड्रिंगहॅमजवळ दुसऱ्या गाडीला धडक दिली. वय वर्षं ९७. पुढच्याच महिन्यात त्यांनी लायसन्स स्वतःहून परत केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका माणसाची गाडी सुसाट सुटली आणि एक तरुण आई आणि तिची लहानगी मुलगी गेली. जपान हादरला. तिथे पंचाहत्तरीपुढच्यांना लायसन्स रिन्यू करताना स्मरणशक्तीची चाचणी असतेच. २०२२ पासून त्यातल्या ज्यांनी ठराविक नियम मोडलेत त्यांना प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते. दादाच्या ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्स रिन्यू करावं लागतं. म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांची भीती जगभर आहे, आणि रस्त्यावर चालणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी आईसाठी ती असायलाच हवी.

पण यातल्या कुठल्याही देशाने 'साठ झाली, बस झालं' असं म्हटलेलं नाही. सगळ्यांनी तपासायची पद्धत शोधली. घरातल्या माणसांकडे मात्र ती पद्धत नसते. आपल्याकडे काळजी असते, आणि काळजीला नंबर प्लेट वाचून दाखवता येत नाही. कितीही वाचली तरी काळजी पास करत नाही.

हे मी दादाला माझ्या परीने समजावत होते, तेवढ्यात कोचावरून बाबा बोलले. झटक्यानंतर ते कमी बोलतात, शब्द निवडून बोलतात. "मला चालवता येत नाही, म्हणून मी किल्ली दिली. कोणी काढून घेतली नाही. तिची पण काढून घेऊ नका. डोळा नीट करा."

दादा गप्प. मीही गप्प.

सहा आठवडे, बिनागाडीचे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. आजकाल मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे सकाळी जायचं, डोळ्यात लेन्स बसवून घ्यायची आणि दुपारी घरी जेवायला. पुढे ड्रॉप्सचं वेळापत्रक आणि नव्या चष्म्यासाठी काही आठवडे थांबायचं. आईने त्याच दिवशी गाडीची किल्ली दारामागच्या खुंटीला टांगली आणि डॉक्टर सांगेपर्यंत हात लावला नाही. कोणाला सांगावं लागलं नाही.

त्या सहा आठवड्यांत बाबांच्या १८ पैकी सात फिजिओ बुडाल्या. कधी कॅब आली नाही, कधी रिक्षात बाबांना बसता येईना. मला जमेल तेव्हा वाकडहून सहकारनगरला मी जायचे आणि मग तिथून हिंजवडी गाठायचे. स्टँड-अप कॉल मी स्वारगेटच्या सिग्नलला उभी राहून अटेंड केलेत! आईचं शब्दकोडं घरीच सुटायला लागलं, पण "घरात मजा येत नाही" म्हणाली. आई गाडी चालवत नाही म्हणजे काय काय होत नाही, याची ट्रायल घरबसल्या मिळाली. दादाला मी दर रविवारी स्कोअर कळवत होते.

जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी पुन्हा पार्किंगमध्ये पावलं मोजली. आईने पहिली प्लेट वाचली. दुसरी वाचली. तिसरी न विचारताच वाचली. मग त्या गाडीच्या मागच्या काचेवरचा स्टिकरही वाचून दाखवला. "बास, वहिनी, बास," म्हणून डॉक्टरांनी गाडीच्या बॉनेटवरच फॉर्म ठेवून सही केली.

पुढचं काम खरंच चार दिवसांचं होतं. सारथीवर रिन्यूअल आणि डुप्लिकेट दोन्हीचा अर्ज भरला. हरवल्याची नोंद, फॉर्म १-ए, आधार अपलोड केलं, फी ऑनलाईन भरली. ठरलेल्या दिवशी ओरिजिनल कागद घेऊन गेलो. आईने फोटोसाठी मुद्दाम पैठणीच्या काठाची कुर्ती घातली होती. फोटो तरी तसाच आला! फेब्रुवारीच्या शेवटी पोस्टमन नवीन कार्ड देऊन गेला. एकसष्ट लागायच्या तीन आठवडे आधी. ५५ च्या पुढे लायसन्स मिळतं ते पाच वर्षांसाठी. आईने तारीख स्वतःच्या डायरीत लिहिली, बाबांच्या फायलीत लिहिली, आणि माझ्या फोनमध्ये रिमाइंडर लावून घेतला.

तुमच्या घरची तारीख

तुमच्यासाठी थोडा कामाचा भाग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गणित बदललंय. तिशीच्या आत लायसन्स काढलं किंवा रिन्यू केलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं. ३० ते ५० मध्ये दहा वर्षं. ५० ते ५५ मध्ये साठीपर्यंत. पुढे पाच-पाच वर्षं. म्हणजे यातले बरेच टप्पे गोल वाढदिवसांना येतात. पन्नाशीचा, साठीचा केक ऑर्डर कराल तेव्हा लायसन्सही बघा. संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. डिजिलॉकरमध्ये लायसन्स घालून ठेवा. पोलिसांना ते दाखवलेलं चालतं, आणि पर्स गेली तरी नंबर जात नाही. आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट विकत घेऊ नका. आईने त्या दिवशी एजंटला हो म्हटलं असतं, तर लायसन्स डिसेंबरातच आलं असतं. आणि मोतीबिंदू डोळ्यातच राहिला असता.

आई-बाबांशी हा विषय काढाल तेव्हा वयापासून सुरुवात करू नका. रात्री समोरचे लाईट कसे दिसतात, ते विचारा. आमच्या आईने ते सहा-सात महिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आम्ही डोळा नाही, किल्ली काढून घेतली असती, अशी तिची खात्री होती. घराघरातून ही अशीच लपवाछपवी चालू असणार.

आता आईने स्वतःचे नियम केलेत. दिवेलागणीनंतर गाडी काढायची नाही. एक्स्प्रेस वेवर जायचं नाही. डोळे दर वर्षी तपासायचे, पाच वर्षांनी नाही. आणि एक नियम माझ्यासाठी: "माझं चुकायला लागलं आणि मला कळलं नाही, तर तू सांगायचंस. मात्र सांगायचंस हं, ठरवायचं नाहीस."

२०२५ च्या मे महिन्यात दादा आला. मुंबईहून पुण्यात पोचायला त्याला रात्रीचे साडेदहा होणार होते. वाकडला उतरतो, म्हणाला, आणि मग जरा लाडात येऊन, "आई, येशील का गं घ्यायला?"

"रात्रीची मी गाडी काढत नाही," आई म्हणाली. "कॅब करून ये."